कारणांचा रकाना

शाळेतल्या एखाद्या अडचणीवरच्या कृतिसंशोधनाचा अहवाल मी दरवर्षी शेवटाकडून लिहीत आले. आधी उपाय, मग कारणे, वेळ उरलाच तर प्रश्न. आम्ही मुख्याध्यापक बहुतेक सगळे तसेच. यंदाचा माझा प्रश्न होता, 'आठवीची मुले गैरहजर का राहतात?' एकाही मुलाला न विचारता कारणांच्या रकान्यात मी लिहून मोकळी झाले होते: पालकांची उदासीनता.

मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणात शिकवणाऱ्या बाईंनी तो प्रश्न वाचून विचारलं, "यात तुम्ही कुठे आहात?" मला रागच आला. गैरहजर काय मी राहते?

दुसऱ्याच दिवशी एक आई ऑफिसात आली. मनीषनगरच्या फ्लॅटांत धुणीभांडी करणारी. मुलगी आठवीत, वाचनात वर्गात पहिली. आईला तिचा दाखला हवा होता. लिपिकाने भरलेला कागद पुढे सरकवला. फक्त माझी सही राहिली होती.

"शाळा काहून सोडवता, ताई?"

"पोरगी रोज गेटपासून वापस येऊन राहिली, मॅडम. घरीच बसाचं त माझ्यासंगं कामाले येईन."

उन्हामुळे शाळा सकाळची झाली होती. आई सहालाच घराबाहेर. धाकट्याला अंगणवाडीत सोडल्याशिवाय मुलीला निघता येत नव्हतं. आणि प्रार्थनेची घंटा झाली की गेटला कुलूप, हा नियम माझा. त्या शिस्तीचा मला अभिमान होता.

"मग सांगायचं ना मला," मी चढ्या आवाजात म्हटलं.

"कोणाले सांगाव? कुलपाले?"

लिपिक खाली बघू लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, आणि चोर मी होते. मला लाज वाटली, आणि भीतीही. सही केली असती तर विषय तिथेच मिटला असता, अहवालही खरा ठरला असता. मी पेन खाली ठेवलं.

"उद्या पाठवा तिला. कितीही उशीर होऊ द्या."

"उद्याचा दिवस पाहू," ती म्हणाली. "नाही त परवा कामाले."

सकाळी प्रार्थना संपली. मी शिपायाला कुलूप लावू दिलं नाही. पहिला तास निम्मा झाला, रस्ता रिकामाच. व्हरांड्यात उभं राहून माझे पाय दुखायला लागले. मग ती धावत येताना दिसली. गेट सताड उघडं होतं, तरी ती सवयीनं बाहेरच थांबली. तिनं वर पाहिलं, मी दिसले, आणि ती घराकडे वळली.

पन्नाशीची मी, साडी सावरत गेटबाहेर तिच्यामागे पळाले.