फोनची शेपटी

भंडाऱ्याच्या एसटी स्टँडवर एक शेतकरी माझ्या शेजारी बसला होता. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन त्याने बैलजोडीसारखे रबराने एकत्र बांधले होते. बाळंतपणाला येणारी लेक फोन करणार होती आणि दोन्ही फोन हँग.

"एक बसला त दुसरा ओढीन, म्हून जोडी घेतली. दोघंई संगच बसले!"

"बंद करून चालू करा," मी शहाणपणा शिकवला.

त्याने जोडीवर डोळे वटारले. "चिखलात बैल बसला त शेपटी पिरगाळता येते. याले शेपटी कुठी हाय, भाऊ?"

तेवढ्यात लेक समोरच्या बसमधून उतरली. "बाबा, फोन काहून नाई उचलत जी?"

मी खूप हसलो. आता माझा फोन अडला, की आजूबाजूला कोणी नाही ना ते पाहतो आणि चार्जरची वायर हळूच पिरगाळतो.