वेट करा

"आजोबा, तिकडे बसा. वेट करा," असे म्हणत परिचारिकेने माझ्या पत्नीचे मंगळसूत्र कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हाती दिले आणि शस्त्रक्रियागृहाचे दार लागले. वर लाल दिवा पेटला. चौपन्न वर्षांत तो दागिना तिच्या गळ्यातून उतरलेला मी पाहिला नव्हता. डोळे मिटून मी विष्णुसहस्रनाम आरंभिले. पण एकाच श्लोकापाशी तीनदा अडखळलो.

शेजारी सून होती. ती इंग्रजी शिकवते. मन कशात तरी गुंतावे म्हणून मी विचारले, "हा 'वेट' शब्द मूळचा कुठला ग?"

"जुन्या फ्रेंचमधून आलाय, बाबा. जागं राहून पहारा देणं, हा पहिला अर्थ. नुसतं थांबणं नंतरचं. आणि तुम्ही तर डोळे मिटून बसलात! पहारेकरी कसले?"

प्रतीक्षेतही ईक्षण, म्हणजे पाहणेच, आहे, आणि मराठीत आपण वाट पाहतो. एकमेकांना कधी न भेटलेल्या, वेगवेगळ्या भाषांच्या माणसांनी या असहाय घटकेला पाहण्याचेच काम नेमून दिले. दाराआड आपला हात पोहोचत नाही. नजर तेवढी हलवायची नाही. मी डोळे उघडले. ओठांवर नाम, दृष्टी त्या लाल दिव्यावर.

दिवा विझला, तरी दार उघडेना. बऱ्याच वेळाने तीच परिचारिका बाहेर आली.

"आजोबा, आजी शुद्धीवर आल्यात. मंगळसूत्र कुठंय विचारताहेत."

मी मूठ उघडली. पुडीचा कागद घामाने पार भिजला होता.