कॉलेज जिंकलं त्या वर्षी

कॉलेजात त्याला सगळे नेम्या म्हणत, कारण त्याचा नेम चुकत नसे. लोकांच्या अकलेला हात जोडावेत ते इथे. कारण ज्या वर्षी कॉलेजने बास्केटबॉलचं अजिंक्यपद मिळवलं, त्या वर्षी नेम्याला रिंग दिसतच नव्हती.

त्याचे वडील घड्याळं दुरुस्त करत. चाळिशी गाठायच्या आत त्यांची नजर अधू झाली आणि मग गेलीच. तेव्हापासून ते दारामागच्या खुर्चीत बसून असत आणि कोणी आलं की आवाजावरून ओळखायला बघत. घर चालवायची ती ताई, लाँड्रीत इस्त्री करून. नेम्या शेवटच्या वर्षाला गेला आणि फळ्यावरची अक्षरं पुसट व्हायला लागली. डॉक्टरांनी डोळ्यांत दिवा मारून बघितलं आणि म्हणाले, "वडिलांचंच आलंय. चष्म्याने भागणार नाही." किती दिवस हातात आहेत, हे काही त्यांनी सांगितलं नाही. घरी आल्यावर ताई एवढंच बोलली, "परीक्षा तेवढी देऊन टाक. पदवी असली की बाबांसारखं दारामागे बसावं लागणार नाही."

परीक्षेपर्यंत टिकायचं तर हॉस्टेलची खोली हवी होती. खोली आणि जेवण फुकट मिळे ते संघातल्या पहिल्या पाच खेळाडूंना, बदल्यांना नुसता व्हरांडा, आणि संघातून नाव गेलं की गाशा गुंडाळायचा. गुडघा मोडलेल्या एकाला कुबड्या घेऊन जिना उतरताना नेम्याने पाहिलं होतं. तेव्हा डोळ्यांचं कोणाला कळू द्यायचं नाही, हे त्याने मनाशी पक्कं केलं.

आता तुम्ही म्हणाल, मग हा पठ्ठ्या बास्केट टाकायचा कसा? त्या काळी मैदानं उघडी असत, आणि रिंगमागचे बोर्ड लाकडी, पांढरे रंगवलेले. नेम्याला रिंग दिसत नसे, पण तो पांढरा चौकोन धूसर का होईना, दिसे. पायाखालच्या रेघेवरून अंतर ओळखायचं, पांढऱ्याच्या कडेचा अंदाज घ्यायचा आणि चेंडू सोडायचा. आपल्या गड्यांना तो हाकेवरून ओळखी. समोरचा त्याच्या तोंडापुढे हात नाचवायचा, पण ज्याला हातच धड दिसत नाही तो बिचकणार कशाला? लोक म्हणत, पोरगं डोक्यावर बर्फ ठेवून खेळतं. आणि पोरगं रोज सगळ्यांच्या आधी मैदानात येऊन रेघा पावलांनी मोजून ठेवत होतं. खोलीवर गेलं की पुस्तक नाकाला लावून वाचायला बसे. हळूहळू आख्खी ओळ एका नजरेत मावेनाशी झाली, मग एकेका शब्दासाठी मान फिरवावी लागायला लागली. त्या मोसमात नेम्या मनातून फार घाबरलेला होता, आणि बोलायला कोणी नव्हतं.

संघ मात्र सुसाट सुटला होता. एकेका कॉलेजला लोळवत तो अंतिम फेरीत पोचला. फेरी तीन सामन्यांची. दोन जिंकेल तो विजेता. पहिला घरच्या मैदानावर झाला आणि नेम्याने तो जवळजवळ एकट्याने जिंकून दिला. दुसरा समोरच्यांच्या नव्याकोऱ्या हॉलमध्ये होता. तिसरा, खेळावा लागलाच तर, पुन्हा घरी, पण परीक्षा आटोपल्यावर.

हॉलमध्ये पाऊल टाकताच पोरं हरखून गेली. डोक्यावर छप्पर, पायाखाली गुळगुळीत लाकडी जमीन. कर्णधाराला उंचीमुळे सगळे शिडी म्हणत. त्याने नेम्याच्या पाठीत धपाटा घातला. "बोर्ड बघ लेका. काचेचे आहेत, आरपार दिसतंय."

नेम्याने वर बघितलं. तिथे काहीच नव्हतं. नुसता दिव्यांचा झगझगाट होता आणि त्यामागे गॅलरीतल्या माणसांचे एकमेकांत मिसळलेले रंग. 

पहिले दोन चेंडू कशालाच न लागता पलीकडे जाऊन पडले आणि गॅलरी खदखदून हसली. मग त्याने टाकणंच बंद केलं. चेंडू आला की दुसऱ्याच्या गळ्यात घालून मोकळा व्हायचा. शिडीने जिवाच्या आकांताने सामना ओढत आणला, पण शेवटाकडे त्याचे पाच फाउल भरले आणि तो बाहेर बसला. कॉलेज एका गुणाने मागे होतं. सरांनी टाइमआउट घेतला.

संघ घडवला होता तो या सरांनीच, आणि एरवी ते आवाज चढवत नसत. त्यांनी नेम्याला दंडाला धरून बाजूला नेलं. "टाकत का नाहीस? कोणी काही चारलंय का तुला?"

विकला गेला हे ऐकून घेणं त्याला सोसेना. "सर, बोर्ड दिसत नाही मला. रिंग तर वर्षभर दिसलेली नाही."

सरांनी हात वर केला. "किती बोटं?"

"हात दिसतोय," नेम्या म्हणाला. "बोटं नाहीत."

सरांनी हात खाली घेतला. मग त्यांनी बदली खेळाडूला आत जायची खूण केली. तो फारसा बोलत नसे, म्हणून त्याला मुका म्हणत.

"खरं सांगतो, राग मानू नकोस," सर नेम्याला म्हणाले. "आज हरलो तर तिसऱ्या सामन्याला तू लागशील मला. घरचे बोर्ड पांढरे आहेत. तोवर खोलीत राहा, मी काही ऐकलं नाही. जिंकलो तर मोसम संपला. मग उद्यापासून खोली मुक्याची. वर्षभर व्हरांड्यात झोपतोय तो."

नेम्या शिडीशेजारी बाकावर जाऊन बसला. शिट्टी झाली, आणि त्याच्या मनात आलं, मुक्याचा चेंडू चुकू दे. थंडीत याच मुक्याला त्याने आपलं पांघरूण दिलं होतं. त्याला स्वतःची किळस आली. मग दारामागची खुर्ची डोळ्यांसमोर आली आणि त्याने पुन्हा तेच मागितलं. चुकू दे. हरू देत सगळे.

एकदम गलका उठला. लांब शिट्टी वाजली. कोण ओरडतंय, आपले की त्यांचे, काही कळेना. शिडी दोन्ही हातांत तोंड खुपसून वाकला होता.

"कोणाचा गेला?" नेम्याने त्याला हलवलं. "अरे सांग ना, कोणाचा गेला?"

"मुक्याने टाकला. जिंकलो आपण. दिसलं नाही का तुला?"

नेम्या बाकावरून उठायला गेला आणि मटकन जमिनीवरच बसला. त्याला हुंदका आवरेना. शिडीही रडतच होता. तो खाली बसला आणि त्याने नेम्याला घट्ट मिठी मारली. "रड लेका, पोटभर रड. असा दिवस पुन्हा नाही यायचा."