पंचफुलाबाईंच्या खोल्या आणि माझा सोमवार

आज पिंगळीहून परत आले. देवापुढे बसले, पण विभूती लावायला हात वर जाईना. म्हणून वही उघडली. पंचफुलाबाईंचं लिहून ठेवते.

त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. नवऱ्याने टाकलेल्या. सोबत म्हातारी आई सुलाबाई, तिला दमा. सात वर्षांपूर्वी परभणीत खोली शोधत आल्या, तेव्हा घरोघर आधी आडनाव विचारलं जायचं, आणि आडनाव कळलं की खोली "कालच गेली" असायची. बौद्ध माणसांना आमच्या मागच्या दोन खोल्या मी दिल्या, महिना वीस रुपये. याचा मला अभिमान होता. नळावर त्यांची घागर मात्र शेवटी लागायची, हेही लिहायला हवं. सुलाबाई हसून म्हणायची, "अक्का, तुमच्या महादेवाचं बरं हाय. भाडं न्हाई, आडनाव न्हाई."

मग कृषी विद्यापीठ आलं. बाहेरगावचे कारकून, साहेब लोक बिऱ्हाडं घेऊन उतरले. वीसची जागा चाळीसला गेली. समोरच्या बन्सीधर शेठनी तर म्हशीचा गोठा सारवला, खिडकी ठोकली आणि भाड्याने दिला. विद्यापीठ आल्याच्या दुसऱ्या वर्षी श्रावणाच्या तोंडावर आमच्या यांनीही सांगितलं, "बाई, पहिल्या तारखेपासून पंचेचाळीस. जमत नसंल तर सांगा, माणूस दारात उभा हाय."

पंचफुलाबाई रविवारी माझ्याकडे आल्या. "अक्का, तीसपर्यंत ओढीन. आईला घेऊन कुठं जाऊ? दवाखाना हितून जवळ पडतो."

"मी बोलते यांच्याशी. उद्या सांगते."

जेवताना विषय काढला. हे बरंच कुरकुरले, शेवटी म्हणाले, "बरं, तीस. तूच सांग तिला."

उद्या श्रावणी सोमवार, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. लेकीचं लग्न जमावं म्हणून त्या साली सोमवारी दिवे लागेपर्यंत मौन धरायचं ठरवलं होतं. बोलून दाखवलेलं व्रत फळत नाही, म्हणून घरातही कुणाला सांगितलं नव्हतं. सकाळी मी पूजेत, तळहातावर इष्टलिंग. पंचफुलाबाई शाळेत जायच्या आधी दारात आल्या.

"अक्का, काय म्हणले अप्पा? राहू ना आमी?"

मी आडवी मान हलवली. आत्ता नाही, संध्याकाळी, असं मला म्हणायचं होतं. त्यांनी पिशवी खांद्यावर सरकवली. "बरं अक्का. तुमी तरी काय करणार," म्हणाल्या आणि गेल्या.

पाचच्या सुमाराला बैलगाडी आली. पिंगळीला त्यांच्या चुलतभावाचं घर होतं. सामान ते कितीसं! मी धावत ओट्यावर आले, थांबा म्हणून हात वर केला. गाडीतून सुलाबाईने मला उलट हात हलवला. तोंड उघडलं असतं तर गाडी थांबली असती. पण दिवे लागायला दोनच तास राहिले होते, आणि आत लेक बसलेली होती.

दिवे लागले, मौन सुटलं. तेवढ्यात हे म्हणाले, "गेली का? बरं झालं. विद्यापीठवाला उद्या यायलाय." मी पोळ्या लाटत राहिले.

मागच्या आठवड्यात सुलाबाई गेली. पंचफुलाबाई रेल्वेने परभणीच्या शाळेत आलेल्या. मागे घरी म्हातारीला धाप लागली, तेव्हा जवळ पाणी द्यायलाही कुणी नव्हतं.

आज भेटायला गेले. पंचफुलाबाईंनी चटई टाकली, पाणी दिलं. मी सगळं सांगून टाकलं. "माझं मौन होतं, बाई. हे तीसला कबूल होते."

त्यांनी माझा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "सोमवारी मौन होतं. आन् मंगळवारी, अक्का?"

परतीच्या गाडीला अजून तासभर होता. मी उठले आणि स्टेशनावर जाऊन बसले.