चांगुणाच्या पदराची गाठ

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं ओटीवर बसून वाल सोलत होतो. मोड आलेले वाल कोमट पाण्यात, मध्ये परात. तिचे दहा सोलून व्हायचे तेव्हा माझे चार. "अवो, सोलता का चिरडता?" चांगुणा म्हणाली. मग एकदम हात पुसून तिनं पदराच्या टोकाला गाठ मारली. काही विसरायचं नसलं की तिची ही रीत. मी विचारलं, "ही कशाची गो?" म्हणाली, "उद्या पूनमकडं जायचा हाय. जावयानं सही करायच्या आदी पोचला पायजे." बिरडं शिजायला टाकलं, जरा पडते म्हणाली, आणि दुपारी उठवायला गेलो तर... माझी बायको उठली नाही.

पाच आठवडे झाले. एकटा असलो की रडतो, लपवत नाही. पण तिचं सांगायला बसलो की अंगात वारं शिरतं, कुठून सुरू करू आणि काय काय सांगू असं होतं.

लग्न ठरलं तेव्हा आम्ही दोघं मिठागरावर कामाला. तिनं मला बांधावर अडवलं. "ऐका. मला पाळी येत नाय. पंधरा वर्षांची व्हते तवा मुंबईच्या दवाखान्यात पोटातली गाठ काढली. पोर व्हायचा नाय. माज्या बापानं तुमच्याकडं सांगितला नाय, म्हनून मी सांगते." मी म्हटलं, "मीठ उचलशील ना?" तिनं भरलेली पाटी डोक्यावर घेतली, माझ्यापुढं चालत गेली आणि संध्याकाळपर्यंत माझ्यापेक्षा जास्त पाट्या टाकल्या! पुढं गावानं तिला वांझ म्हटलं, बारशाला बोलवायचं टाळलं. आई दुसरी कर म्हणून मागं लागली. मी म्हटलं, "आये, एकीलाच मी पुरा पडत नाय, दुसरी कशाला?" आई महिनाभर बोलली नाही. चांगुणा मात्र आठवडाभर हसत होती.

साठी उलटल्यावर ती अंगणात नुसती घसरली आणि मनगट मोडलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी खोदून खोदून विचारलं, नव्यानं तपासण्या केल्या. मग म्हणाल्या, "मावशी, ती गाठ नव्हती. तुमचा देह बाहेरून बाईचा, पण पोटात पुरुषासारख्या ग्रंथी होत्या. अशी माणसं जन्माला येतात, आंतरलिंगी म्हणतात त्यांना. त्या ग्रंथी काढल्या आणि पुढं औषध दिलं नाही, म्हणून हाडं भुसभुशीत झाली." टमटममधून घरी निघालो. गाव आलं तशी कानाशी येऊन म्हणाली, "म्हंजे तुमी इतकी वर्सा गड्यासंगती संसार केला काय?" मी म्हटलं, "मी तुझ्यासंगती केला. आता उतर, गाडी पुढं जाईल." ती हसली. घरात गेल्यावर मात्र पेटली. "गाठ नव्हती तर गाठ म्हनून का सांगितला? काढायच्या आदी मला इचारायला काय त्यांची जीभ झिजत व्हती?"

त्याच डॉक्टरीणबाईंनी आम्हाला अलिबागच्या एका सभेला नेलं. काय सभा ती! मंचावर दोन बाजू भांडत होत्या. एक म्हणे, माणसात बाई आणि पुरुष दोनच, बाकी सगळं खूळ, आणि असं कोणी जन्मलंच तर तो आजार. दुसरी म्हणे, आंतरलिंगी माणसं हाच पुरावा, बाई-पुरुष असं काही नसतंच. चांगुणा उठली. मोडका हात गळ्यात, दुसरा कमरेवर. "तुमी दोगं पन मला साक्षीला उभी करता, आनी इचारत कोनीच नाय! मी बाई हाय. माजा देह काय आजार नाय, आनी तुमचा पुरावा पन नाय." मागच्या रांगेतून माणगावचं एक तरुण माणूस उठलं. म्हणालं, "आजी, मी पण जन्मतः असाच. पण मी बाई नाही आणि पुरुषही नाही." सगळे तिच्याकडं बघायला लागले, आता ही काय बोलते! ती म्हणाली, "मग तुजा तुला ठावं. मी कोन सांगनार? तुला पन न इचारता कापला काय रं?" त्यानं मान डोलावली. "मग तेवडा आपला सारका," ती म्हणाली. मी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की शेजारचा माणूस सरकून बसला.

पुढं तिच्या मेलेल्या बहिणीच्या लेकीला, पूनमला, बाळ झालं. अंगावरून मुलगा की मुलगी, चटकन कळेना. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, आताच कापून मुलीसारखं करून टाकू, म्हणजे प्रश्न मिटला. पूनम रडत होती, "मावशी, लोकांना काय झाला म्हनून सांगू?" चांगुणा म्हणाली, "पोर झाला म्हन. पोर म्हनजे पोर. मुलगी म्हनून वाडव, नायतर मुलगा म्हनून वाडव, नाव ठेव, झबला घाल. काय हाय ते उद्या बोलाया लागला की आपल्या तोंडानं सांगंल. तवर सुरी लावू नको." जावई महेश पडत्या आवाजात म्हणाला, "मावशी, शाळेत पोरं चिडवतील. मी बाप आहे त्याचा." तिनं एवढंच म्हटलं, "माजा बाप पन बापच व्हता. त्यानं मायेनंच कागदावर अंगठा दिला." महेश बाहेर गेला. दवाखान्यातून संमतीचा कागद आला होता, बापाची सही राहिली होती.

ती गेली त्या दिवशी बायकांनी तिला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं. सवाष्ण गेली, भाग्याची, असं म्हणत होत्या. जन्मभर वांझ म्हणणाऱ्या त्याच! अंगावरचं जुनं लुगडं मोरीपाशी पडलं होतं. टाकायला नेत होते, मी हिसकून घेतलं. पदराला गाठ तशीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लुगडं काखेत घेऊन पहिल्या एसटीनं मी पूनमच्या गावाला गेलो. सुतकात तान्ह्या पोराच्या घरी जात नाहीत, हे मला कळतं. म्हणून कुंपणाबाहेर उभा राहून हाक मारली. "जावई, सही झाली काय?"

"आज जाणार होतो, काका. तुम्ही अशा वेळी..."

मी पदर पुढं केला. "तुमच्या मावशीनं गाठ मारून ठेवलेली. तिला यायचा व्हता, मी आलो. एकच सांगा, पोर मुततंय ना नीट?"

"हो. अडचण काहीच नाही म्हणाले डॉक्टर."

"मग घाई कोनाची? पोराची का तुमची?"

तेवढ्यात पूनम बाळाला घेऊन धावत बाहेर आली. मी ओरडलो, "थांब, सुतक हाय!" तिनं ऐकलं नाही, पोर माझ्या हातात दिलं. आणि त्या पोरानं लगेच माझा सदरा भिजवला! चांगली गरम धार, पार पोटापर्यंत. पूनम रडता रडता हसायला लागली, मी हसलो, आणि महेशचं तोंडही हललं. तो आत गेला. सही न केलेला तो कागद घेऊन आला आणि माझ्या हातात दिला. "तुमच्याकडं ठेवा, काका. माझ्याजवळ राहिला तर लोकांच्या बोलण्यानं पुन्हा घाबरेन."

मी तिथंच कुंपणापाशी बसून चांगुणाची गाठ सोडली. घट्ट मारलेली, वाल सोलणाऱ्या नखांनी. मला वेळ लागला. मग कागदाची घडी केली, पदरात ठेवली आणि पुन्हा गाठ मारली.

लुगडं माझ्या उशाशी आहे. पोर मोठं होऊन विचारेल, तेव्हा ती गाठ त्यानंच सोडायची. त्या दिवशी पूनमकडून घरी आलो, सदरा धुतला नाही, तसाच दोरीवर वाळत टाकला, आणि परातीत राहिलेले चार वाल सोलायला बसलो.