तीन नावांची यादी

गयाबाई आमच्या मागच्या पायरीवर बसून चहा प्यायची आणि आपला कप आपणच विसळून बाहेरच्या खिडकीत पालथा घालायची. तिचा कप वेगळा होता, कान तुटलेला. तो आमच्या कपांत कधी मिसळत नसे. असं का, हे मी तिला सांगितलं नव्हतं, तिनेही कधी विचारलं नाही. जालन्यात आमच्यासारख्या बहुतेक घरांत कामाच्या बाईचा असा कप असायचा. नातवंडांनो, हे वाचून तुम्हाला राग येईल. यावा.

मंठ्याकडच्या गावातून आलेली ती बुटकी, चपळ बाई होती. "जल्दी सांगा बाई, काय काय हाय आज," म्हणतच शिरायची. माझी शिस्त तिच्या चेष्टेचा विषय. ओट्याचं, टेबलाचं, दिव्याचं, अशा प्रत्येक फडक्यावर मी दोऱ्याने खूण केली होती. "तुमच्या घरात फडक्यालाबी नाव हाय," ती म्हणायची, "माझ्या घरात लेकरांची नावंबी मला सापडत न्हाईत!"

तुमचा बाबा दहावीत असताना आजोबांना टीबी झाला. औरंगाबादच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या." मी लगेच वहीत यादी केली: मी, तुमचा बाबा, सासूबाई. तिघांचेही एक्स-रे चांगले निघाले. तरी बाबाला मी बदनापूरला मामाकडे पाठवून दिलं. पूर्वेची हवेशीर खोली आजोबांना दिली. अंडी, दूध, विश्रांती, सगळं घड्याळाबरहुकूम. शेजारी "छातीत कफ झालाय" एवढंच सांगितलं. गयाबाईलाही तेच सांगितलं. ती खोली रोज झाडणं तिच्याकडे होतं. थुंकीची डबी धुणंही तिच्याकडेच, कारण मला शिसारी यायची.

आजोबा बरे झाले, बाबाही घरी परतला. पुढच्या वर्षी गयाबाई खोकू लागली. मी तिला म्हटलं, "पूर्ण बरी झालीस की ये." मी, शिकलेली, शाळेत इंग्रजी शिकवणारी बाई, हे म्हणाले.

"बराबर हाय बाई, घरात पोरगं हाय," ती म्हणाली आणि कप पालथा घालून गेली.

बाकीच्या घरांनीही तिला काढलं. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळत. पण तिथल्या रांगेत सकाळ जायची आणि तिने नव्याने धरलेल्या बियाणं निवडायच्या कामावर सकाळीच हजेरी लागायची. थोडं बरं वाटताच तिने गोळ्या सोडल्या. हे सगळं मला फार उशिरा कळलं. मग मी तिच्या घरी गेले. पत्र्याची एक खोली, सात माणसं, खिडकी नाही. कोपऱ्यातली गयाबाई मला आधी ओळखूच आली नाही.

उंबऱ्यातूनच मी म्हणाले, "गया, यांना टीबी होता. मी तुला सांगायला हवं होतं."

"म्हाईत होतं की, बाई. डबी मीच धूत होते. रगत दिसत होतं."

मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही दुसरी बाई लावली असती," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. मग सुनेकडे वळून म्हणाली, "बाईला चहा दे गं. आपल्या कपात नको, त्यो नवा काढ. लागण व्हईल त्यांना."

तो चहा मी कसा प्यायले, मला आठवत नाही.

पोळ्याच्या आधी ती गेली. आजोबा त्यानंतर सतरा वर्षं जगले. जांबच्या जत्रेत तुम्ही त्यांच्याच खांद्यावर बसला होतात.

ती वही अजून माझ्याकडे आहे. तीन नावांखाली पानभर जागा कोरी आहे.