ताइस्तो आत उभा राहणार होता

ताइस्तो बुधवारी गेला. होडीला डांबर लावत होता, तिथेच. पेंट्टी त्याच्याकडे आपली करवत परत मागायला गेला तेव्हा डांबर अजून ओलं होतं.

युहान्नुसचा, भर उन्हाळ्यातला सण तोंडावर आला होता. त्या संध्याकाळी तळ्याकाठचं नाचघर पुन्हा उघडायचं ठरलं होतं, आणि तिथली लाकडी जमीन अजून अर्धीच झाली होती.

नाचघराचं छप्पर एका हिवाळ्यात बर्फाच्या भाराने खाली आलं होतं. नगरपालिका म्हणाली, पाडून टाका. ते पुन्हा उभारायला पेंट्टीने गावातल्या दुकानाच्या दाराला कागद लावला: शनिवारी ताल्कोत. ताल्कोत म्हटलं की ज्याने त्याने आपली हत्यारं घेऊन यायचं. मजुरी नसते.

"मग मिळतं काय?" असं कुणीतरी दर वेळी विचारायचं.

"मटाराचं सूप," पेंट्टी सांगायचा. "आणि काम चांगलं केलंस, तर पुढच्या शनिवारी परत मटाराचं सूप."

मी साहित्याची पदवी घेऊन हेलसिंकीहून परत आले होते. नोकरी नव्हती. पहिल्याच शनिवारी ताइस्तोने मला हाताखाली घेतलं.

"काय शिकलीस तिकडे?"

"कविता."

"बरं. पॉलिश पेपर उलटा धरलायस."

अशी आमची मैत्री झाली. त्याने जन्मभर दूध गोळा करायची गाडी चालवली होती. पहाटे निघायचा आणि शेतोशेती फिरून दूध डेअरीत पोचवायचा. लग्न केलं नव्हतं. स्वयंपाक वाईट करायचा आणि तोच मला आग्रहाने वाढायचा. मी पुस्तकातलं काही वाचून दाखवलं की डोळे मिटून ऐकायचा. शेवटी म्हणायचा, "लांबलं जरा."

जमिनीचं काम त्याच्याकडे आणि हेल्वीकडे होतं. हेल्वीचा गोठा त्याच्या गाडीच्या वाटेवरचा. तिचा नवरा रायमो जाऊन बरीच वर्षं झाली होती. एका फळीची जीभ शेजारच्या फळीच्या खाचेत बसवायची असते. एकाने टोकाशी गुडघा रोवून दाबायचं, दुसऱ्याने ठोकत यायचं. एकट्याने ते होत नाही.

"दाब."

"दाबलंय."

"मग हलतेय कशी? कॉफी प्यायला गेलीस का मधेच?"

"तू ठोक, म्हाताऱ्या. तुझ्या गाडीसारखे धक्के देऊ नकोस म्हणजे झालं."

दोन उन्हाळे असेच गेले. भिंती उभ्या राहिल्या, छप्पर चढलं. बांधावरून भांडलेले दोन भाऊ एकाच शिडीवर दिसू लागले. संध्याकाळी सगळे घामेजलेले तळ्यात उतरायचे. पाण्यातून हसण्याचे आवाज यायचे. आमच्या गावात ते पूर्वी फारसे येत नसत. ताइस्तो शनिवारी सकाळी दाढी करून यायचा, भुशात लोळायला. मी ते पाहिलं होतं, पण विचारलं नव्हतं.

या वसंतात त्यानेच सांगितलं. आम्ही धक्क्यावर बसून कॉफी पीत होतो.

आमच्याकडे नाचघरात पुरुष एका भिंतीला उभे राहतात, बायका समोरच्या. पाटीवर दिवा लागतो: पुरुषांचं बोलावणं, म्हणजे पुरुषांनी समोर जाऊन बाईला नाचायला बोलवायचं. काही गाण्यांनंतर दुसरा दिवा लागतो: बायकांचं बोलावणं. बोलावलं की कुणी नाही म्हणत नाही. तसं करणं म्हणजे सगळ्यांदेखत अपमान.

"हेल्वीला मी कधी बोलावलं नाही," ताइस्तो म्हणाला.

"का?"

"ती आली असती."

"मग?"

"अगं, तिला नाही म्हणताच येत नाही ना. मग मला कळणार कसं, तिला यायचं होतं की नाही?"

"आणि बायकांच्या बोलावण्याला?"

"तेव्हा मी बाहेर. सॉसेज भाजायला."

"दर वेळी?"

"आत भिंतीला टेकून राहायचं, आणि ती दुसऱ्या कुणाकडे गेली तरी तिथेच उभं राहायचं? त्यापेक्षा धूर बरा." त्याने कपातला गाळ पाण्यात ओतला. "रायमो गेल्यावरही बाहेरच जात राहिलो. सवय."

त्याने कप धक्क्यावर उपडा ठेवला. मग म्हणाला, "या युहान्नुसला मी आत उभा राहणार आहे. कुणाला बोलू नकोस."

त्याला पुरल्यानंतरच्या शनिवारी ताल्कोत आहे की नाही, कुणी सांगितलं नव्हतं. सगळे आले. सूप शिजलं. त्याचं नाव कुणी काढलं नाही. माझ्या हातात पॉलिश पेपर होता, आणि कशावर घासायचा तेच सुचत नव्हतं.

हेल्वी गुडघ्यांवर बसून एकटीच फळी बसवत होती. फळी बसत नव्हती. मी दुसऱ्या टोकाला गेले आणि गुडघा रोवला. तिने दोन-तीन घाव घातले.

त्याने बोलू नकोस म्हटलं होतं. मी सगळं सांगितलं.

ती ऐकत राहिली. हातोडी मांडीवर होती.

"दिवा लागला की तो दाराबाहेर," ती म्हणाली. "मी निघायचे, अर्ध्या वाटेवर त्याची पाठ दिसायची. मला वाटायचं, मी येईन म्हणूनच जातो. रायमोच्या आधीही तेच, नंतरही तेच. बाईने किती वेळा तोंडघशी पडायचं?"

तिने हातोडी फळीवर ठेवली.

"आणि इथे दोन उन्हाळे समोरासमोर. मी काय सूपासाठी येत होते, असं वाटलं त्याला?"

"तोही सूपासाठी येत नव्हता."

"तो कशाला येईल! त्याला मटार आवडतच नाहीत. माझी आई वाटी द्यायची, तर गाडीमागे जाऊन कुत्र्याला घालायचा." ती हसली. मग तिने बाहीने तोंड पुसलं. "दोन उन्हाळे मटार गिळलेस की रे गाढवा," ती फळीकडे बघून म्हणाली.

तळ्यावरून कुणीतरी जेवायला हाक मारली. ती उठली नाही.

"दाब," ती मला म्हणाली.

जमीन वेळेत झाली.

युहान्नुसच्या संध्याकाळी ऊन उतरायचं नावच घेत नव्हतं. दूरच्या गावांतून गाड्या भरून माणसं आली. आम्ही बसवलेल्या फळ्यांवर इतकी पावलं सरकत गेली की मला बघवेना. हेल्वी निळ्या पोशाखात बायकांच्या भिंतीला उभी होती. पुरुषांच्या बोलावण्याला दोघांनी तिला बोलावलं. ती नाचली.

मग दिवा बदलला. बायका निघाल्या. हेल्वीही निघाली. पुरुषांची रांग समोर होती. रांगेच्या डाव्या बाजूने, कुणापाशी न थांबता, ती चालत गेली आणि दाराबाहेर पडली. मी मागे गेले.

बाहेर पेंट्टी सॉसेज भाजत होता.

"एक देऊ?"

"नको," हेल्वी म्हणाली.

ती धुराच्या कडेला उभी राहिली, तळ्याकडे तोंड करून. आत टँगो चालू होता. एकदा बोलावलं की त्याच जोडीदाराबरोबर दोन गाणी असतात. ती दोन्ही संपेपर्यंत हलली नाही. पेंट्टीने एकदा माझ्याकडे पाहिलं. एक सॉसेज जळून गेलं, त्याने उलटलं नाही.

दुसरं गाणं थांबलं. नाच संपला की जोडीदाराने बाईला तिच्या जागेवर नेऊन सोडायचं असतं. पेंट्टीने हात कपड्याला पुसला आणि कोपर पुढे केलं. हेल्वीने ते धरलं. दोघं आत गेली, सगळी जमीन ओलांडून बायकांच्या भिंतीपर्यंत.